साहेबांच्या दाराची तिसरी किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. शुद्धलेखनात मी कच्ची आणि शब्दही साधेच, कारण माझं सगळं शिक्षण किल्ल्या घासणाऱ्याच्या कानशीखाली झालं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा कारखाना वह्या-पुस्तकं बांधायचा. तिथे दोन संडास. एक कामगारांचा, तीस जणांत मिळून. दुसरा साहेबलोकांचा. त्यात आरसा, साबण, आणि दाराला कायम कुलूप. त्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या, एक मॅनेजरसाहेबांकडे, एक कारकुनाकडे. मग पानं दुमडणाऱ्या एकाला मुकादम केलं, आणि तिसरी म्हणून माझा जन्म झाला. पगार तोच. बढती म्हणजे मीच.

मुकादमाने मला कमरेच्या कड्यात अडकवलं. आधी गडी भराभर चालायचा, आता मी वाजावी म्हणून डुलत चालू लागला. पहिल्या दिवशी गरज नसताना चारदा जाऊन आला. मीही काही कमी नव्हते. कामगारांची रांग दिसली की जरा जास्तच खुळखुळायचे.

त्या रांगेत शिलाईवाली ताई असायची. तिला सातवा महिना होता. सहा वर्षं ती आणि मुकादम एकाच टेबलावर शेजारी बसलेले. एकदा ती रांग सोडून त्याच्याकडे आली.

"भाऊ, किल्ली दे ना जरा. उभं राहवत नाही रे."

"ताई, माझ्या हातात असतं तर दिली असती गं. नियम आहे."

"हातात नाही, कमरेला आहे ती! गेल्या सोमवारपर्यंत माझ्याच मागे उभा असायचास की!"

बायका हसल्या. मुकादमाचे कान लाल झाले. तो साहेबांना विचारायला गेला.

साहेब म्हणाले, "आज तिला दिलीस तर उद्या सगळे मागतील. मग तुझीही काढून घेईन, मुकादमकीसकट."

दुपारी ताईने पाण्याची भरलेली बाटली टेबलाखाली सरकवली. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं."

मुकादमाने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्याने मला मुठीत दाबून धरलं होतं. खरं सांगते, मलाही माझा आवाज नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईच्या टेबलाला खिळा ठोकला आणि मला तिथे अडकवलं. साहेबांनी पाहिलंच.

"ही इथे कशी?"

मुकादम पुढे झाला. "माझ्याकडे हरवते, साहेब. इथे असली की सापडते."

"आणि मुकादमकी हरवली तर?"

"तर... ताईशेजारची माझी जागा अजून रिकामीच आहे, साहेब."

तेवढ्यात ताई मला घेऊन गेलीसुद्धा. थोड्या वेळाने साहेबांनी बाहेरून दार ढकललं. मग खाकरले.

"थांबा, आत आहे कुणीतरी!" ताई म्हणाली.

तिने सावकाश तोंड धुतलं, आरशात केस नीट केले, मगच कडी काढली. बाहेर साहेब उभे होते, आणि त्यांच्या मागे दोघी जणी.