नेरिसने उपटलेला प्लग

आमच्या नेरिसला गाणाऱ्यांना चहा पाजायची भारी हौस. गुरुवारी संध्याकाळी चॅपेलच्या, म्हणजे आमच्या छोट्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत गायकमंडळींचा सराव असतो, आणि सराव संपला की चहा झालाच पाहिजे. परवा तिने चहाचं पाणी उकळायच्या विजेच्या पिंपासाठी भिंतीवरचा एक प्लग उपटला. तो आमच्या फ्रीझरचा होता.

शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं तर जमिनीवर तळं साचलेलं.

त्या खोलीत दर शुक्रवारी आमचं बिनपैशांचं दुकान असतं. लागेल त्याने न्यावं, जास्त असेल त्याने आणून ठेवावं. खाण गेली, मग कारखाना गेला, तेव्हापासून आमच्या दरीत नेणारेच जास्त. फ्रीझर मटणाने आणि सॉसेजने काठोकाठ भरलेला होता.

"मला वाटलं जुन्या हीटरचा असेल," नेरिस म्हणाली.

"तुला काही वाटलं की गावाला निस्तरावं लागतं," मी खेकसले. मग तिचा रडवेला चेहरा पाहिला आणि मटण चाचपायला लागले.

मटण अजून गार होतं, आत बर्फही होता. पण पुन्हा गोठवून चालत नाही, आजच्या आज शिजवायला हवं. चॅपेलची शेगडी एवढीशी. म्हणून ठरवलं, गल्लीत घरोघरी एकेक पिशवी द्यायची. आपापल्या घरी शिजवा, संध्याकाळी इथे आणा, सगळे मिळून जेवू.

खरं सांगते, हे ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर मटण नव्हतं, माझा शेजारी इडवल होता. जन्मभर बस चालवली त्याने. बायको गेली, आणि या हिवाळ्यात त्याचा कोट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. मागच्या आठवड्यात पोस्टाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडला. पण दुकानात यायचं नाव नाही. शुक्रवारी मुद्दाम समोरच्या फुटपाथवरून जायचा. मी त्याच्या दाराशी पिशवी ठेवली, तर ती परत आणून देऊन म्हणतो कसा, "हे कुणाचं तरी राहिलं वाटतं." हा माणूस ताठ्यापायी उपाशी मरणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

मी त्याचं दार ठोठावलं.

"द्यायला नाही, मागायला आलेय," मी म्हटलं. "नेरिसने घोळ घातलाय. एवढं मटण शिजवून दे."

त्याने पिशवी घेतली. उघडून पाहिली. मग परत माझ्यापुढे धरली.

"जमणार नाही, ओल्वेन."

"का? राणीसाहेबांचं बोलावणं आलंय?"

"गॅस नाहीये. मीटरमध्ये पैसे भरले तर पेटतो. नाताळाआधीपासून भरले नाहीत."

"नाताळाआधीपासून! आणि खातोस काय?"

"पाव. ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"शेजारी मीच आहे, मेल्या!"

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मला मात्र रडू येत होतं, आणि रडू आलं की मी हुकूम सोडते. "हात चालतात ना? मग चल माझ्याकडे. बटाटे सोल."

तो आला. बाह्या सरसावून बटाटे सोलले, कांद्याच्या जाड पातीसारखे लीक चिरले, आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला शिकवायला लागला. "लीक शेवटी घालायचे. आत्ता घातलेस तर लगदा होईल." एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं. रस्सा उकळायला लागला तशी मी त्याच्या हातात पळी दिली.

"मीठ बघ."

त्याने पाहिलं. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं, मग पुन्हा.

"मीठ किती वेळा बघायचं असतं गं?"

"बरोबर लागेपर्यंत."

"मघाशीच बरोबर होतं," तो म्हणाला, आणि पळी पुन्हा बुडवली.

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घराघरांतून पातेली आली. दुकानाकडे कधी न फिरकलेली माणसंही आली, कारण आज मटण वाया जाऊ द्यायचं नव्हतं, त्यात लाजण्यासारखं काय? नेरिस मिरवत होती, जणू सगळं तिनेच जुळवून आणलं होतं. इडवल टेबलाशी बसला आणि मान वर न करता दोन वाडगे संपवले. तिसरा मी न विचारताच भरला.

जेवणं झाल्यावर तो माझ्याबरोबर भांडी विसळायला उभा राहिला.

"शुक्रवारी किती वाजता उघडता?" त्याने नळाकडे बघत विचारलं.

"दहाला. मदतीला येतोस?"

"येईन." त्याने एक पातेलं पुसलं, बाजूला ठेवलं. "आणि जाताना एक पिशवी नेईन. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच, त्याच्यासमोर, ओल्या हातांनी ढसाढसा रडले.