शेजारची सिस्टर

सकाळची ड्यूटी संपवून सिस्टर घरी आल्या, तेव्हा समोरच्या काकू त्यांच्या दाराशी उभ्याच होत्या. सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे. कुणाचं इंजेक्शन, कुणाची मलमपट्टी, कुणाच्या बाळाचा ताप, सगळं आधी या दाराशी. एके काळी पांढऱ्या टोपीतली नर्स जिन्यात दिसली, की गप्पा मारत बसलेली माणसं उठून उभी राहत. ते दिवस गेले. दारावरची थाप तेवढी राहिली.

"दमलात ना? माझं बीपी तेवढं बघा, मग बसा निवांत," काकू म्हणाल्या.

सिस्टरांनी चहा बाजूला ठेवून यंत्र काढलं. आत लेक तोंड पाडून बसली होती. नर्सिंगच्या दोन कॉलेजांत तिचं नाव लागलं होतं. प्रवेश घ्यायचा तो उद्याच, आणि आई काही हो म्हणत नव्हती. "माझे पाय बघतेस ना रोज? घरात एक नर्स पुरे," एवढंच आईचं उत्तर.

दंडाला पट्टा बांधलेला असतानाच काकू म्हणाल्या, "नकोच म्हणा तिला. इतकी हुशार पोर, नर्स कशाला? स्थळं बघताना लोक नाकं मुरडतात. आमच्या भाच्याला सांगून आली होती एक. आम्ही फोटोसुद्धा पाहिला नाही."

सिस्टरांनी पट्ट्यातली हवा सोडली. "वाढलंय. मीठ कमी करा."

काकू गेल्यावर भाजी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गप्प का बसलीस?"

"दमलेय हो आई."

"कामानं दमलीस की तू दोन घास खाऊन झोपतेस. असलं बोलणं ऐकून आलीस की ताट तसंच ठेवून उठतेस. बघतेय ना मी. यांना नर्स शेजारी हवी, घरात नको. अन् आता तूही पोरीला तेच सांगायला लागलीस."

सिस्टर थबकल्या. खरंच की! ज्या बोलण्यानं त्या आयुष्यभर झिजल्या, तेच बोलणं त्या मायेनं लेकीच्या कानात ओतत होत्या.

आत जाऊन त्यांनी लेकीला विचारलं, "कुठलं कॉलेज घेतेस?"

"जवळचं. नवीन आहे. चकाचक वर्ग आहेत, इंजेक्शन शिकायला पुतळे आहेत."

"आणि रुग्णालय?"

"ते नाहीये त्यांचं. कुणाशी तरी बोलणं चाललंय म्हणे."

"पुतळा कण्हत नाही गं. सुई चुकली तरी गप पडून राहतो. आणि दुसरं?"

"ते जुनं आहे, लांब. वसतिगृहात पाण्याची रड आहे. पण मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच आहे."

"मग तेच घे. पहिल्या वर्षी बेडपॅन उचलताना रडशील, घरी फोन करशील. मी ऐकून घेईन, पण परत ये म्हणणार नाही. उद्या मी येते. आधी वॉर्ड बघू, मग ऑफिसात जाऊ."

लेकीनं मान हलवली. ती उठून कागदपत्रं काढू लागली.

सकाळी दोघी निघाल्या, तर जिन्यात काकू. कळल्यावर म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील, विचार केलात का?"

"फार वर्षं तोच केला, काकू. आता तिचा करते."

वाचकहो, आपल्याही शेजारी अशी एखादी सिस्टर असेल. आजारपणात आपण तिला देवमाणूस म्हणतो. पण आपल्या घरातली मुलगी किंवा मुलगा नर्स व्हायचं म्हणाला, तर आपण काय बोलतो? सेवेचा मान ओठांवर असून भागत नाही, तो आधी आपल्या घरात असावा लागतो.