आकडा सरकला पाहिजे

२०४१.

सुनंदाबाई सिस्टरांनी सकाळी वॉर्डाच्या दाराशी हा आकडा वाचला आणि तिथूनच त्यांचं डोकं फिरलं. काल सकाळी तो १८७८ होता.

एकोणनव्वद सालचा एप्रिल. देवपुरातल्या या लहानशा प्रसूतिगृहात डॉ. अभिमन पाटलांनी पंधरा दिवसांपूर्वी नवा नळ बसवला होता. पायाने पट्टी दाबायची, वरून पाणी येणार. आणि बाजूला गिरणीच्या भंगारातून आणलेला, मागावरचा काउंटर. एक दाब, एक आकडा.

"आता कोणाच्या मागे ओरडायला नको, सिस्टर. हात किती धुतले, ते यंत्रच सांगेल."

यंत्र सांगत

२०५६

होतंच की. इकडे तीन बाळांच्या बेंबीत पू. चौथं, सोनगीरच्या ताईबाईचं, बेंबीभोवती सकाळपासून लाल.

"मन्हा पोऱ्याले काय व्हयनं वं बाई?" ताईबाई दर फेरीला विचारी.

उत्तर सुनंदाबाईंना ठाऊक होतं. कोणाचे तरी न धुतलेले हात. पण ओल्या बाळंतिणीला हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात भागाबाई आया पू झालेल्या बाळाचं फडकं बदलून निघाली. देवळात शिरताना घंटा वाजवावी तशी चालता चालता पट्टीवर पाय मारला

२०५७

आणि थेट ताईबाईच्या खाटेकडे.

"भागाबाई! हात?"

"पाय दिधा ना, सिस्टर! देखा, आकडा सरकी गया."

"आणि पाणी?"

"दोन दिन व्हयनात, नळले पानीच नही शे."

"मग दाबतेस कशाला, बाई?"

"डाक्टरसायेबनी सांगेल शे, आकडा कमी पडाले नको."

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग मारलेला हात पाहिला आणि तो धुवायला पाणी नाही म्हणून आणखी चिडल्या.

डॉक्टर केबिनमध्ये आलेख काढत होते. अकराला जळगावचे पाहुणे नळ बघायला यायचे होते.

"साहेब, काल नळाला थेंब नव्हता. आणि काल एकशे त्रेसष्ट वेळा हात धुतले गेलेत."

"टँकर सांगितलाय."

"केव्हा येणार?"

"येईल हो. आज पाहुण्यांसमोर काही काढू नका. हे बघा, कसा चढलाय!"

"वॉर्डातला पू बघा, तोही चढलाय."

डॉक्टरांनी फूटपट्टी लावून पुढची रेघ ओढली.

सुनंदाबाई बाहेर आल्या. भागाबाईला मागच्या विहिरीवर पिटाळलं, पाणी उकळून निववलं, बादली, तांब्या, लाल साबण, सगळं ताईबाईच्या खाटेशी मांडलं. आधी स्वतःचे हात धुतले, मग भागाबाईचे धुऊन घेतले.

अकराला पाहुणे आले. डॉक्टरांनी ऐटीत पट्टी दाबली. नळ खोकला. २०९३. "वा!" पाहुणे काउंटरवर वाकले. नळाखाली कोणी पाहिलंच नाही. डॉक्टर पुढे झाले, ताईबाईच्या बाळाच्या बेंबीकडे बोट नेलं, आणि मध्ये सुनंदाबाई.

"हात."

"अहो, आत्ताच तर—"

"हात पुढे करा, साहेब."

ताईबाईने बाळ पदराखाली ओढून घेतलं. पाहुण्यांपैकी एकजण उगाच घसा साफ करू लागला. डॉक्टरांचे कान लाल झाले. पण बाई हलेनात, तेव्हा त्यांनी बाह्या वर केल्या. सुनंदाबाईंनी तांब्या कलता केला.

डॉक्टरांनी घाईने हात मागे घेतले.

"नखं राहिली," त्या म्हणाल्या, आणि तांब्या पुन्हा बादलीत बुडवला.