बहिणीची बाजू

सकाळपासून बजरंगचे तीन फोन येऊन गेले होते. "आक्का, उद्या अकराला रजिस्ट्री ऑफिसात ये. आधार कार्ड विसरू नको." सिंधु दर वेळी "हाव" म्हणाली. जळकोटजवळच्या माहेरच्या शेतातला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, एवढंच काम. सही करायची आणि दुपारच्या एस.टी.नं अहमदपूरला परत यायचं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बी.ए.ची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. चौतिसाव्या वर्षी अंगणवाडी सांभाळून शिकणाऱ्या सिंधुला रविवारचा वर्ग बुडवून चालणार नव्हतं. ती धावतपळत पोचली आणि डावीकडच्या रांगेत जागा मिळाली तिथं बसली.

सुगत सर नोट्स देत नसत. "भांडा, म्हणजे ध्यानात राहील," म्हणत. त्या दिवशी नेमकी एका बहिणीची कथा होती. भावाला जमीन लिहून देऊन ती रिकाम्या हातानं सासरी परतते. सरांनी वर्गाचे दोन भाग केले. "डावीकडच्यांनी म्हणायचं, तिनं बरोबर केलं. उजवीकडच्यांनी म्हणायचं, चुकलं. सिंधुताई, करा सुरू."

काय बोलावं हे सिंधुला शोधावंच लागलं नाही. माहेर तुटू नये, आईबापाला भाऊच बघतो, लग्न करून दिलं म्हणजे वाटा दिलाच, उद्या सणावाराला कुणाच्या दारात जायचं? सहा महिने आई फोनवर जे बोलत होती, ते तिच्या तोंडून घडाघडा बाहेर पडलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सिंधुला मात्र कसंनुसं झालं.

उजवीकडून महामाया उठली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. "सिंधुताई, हे सगळं कथेत कोण म्हणतंय? भाऊ, आई, चुलता. ती बाई सोता काय म्हणती?"

सिंधुनं पानं उलटली, पुन्हा मागं आली. नऊ पानांत ती बहीण दोनदा मान हलवत होती. बस.

"काहीच न्हाई," सिंधु म्हणाली.

"मग तिनं बरोबर केलं का चुकलं, हे ठरवायचं कसं?" सरांनी विचारलं, आणि वर्गात एकच गलका उठला. सिंधु खाली बसली.

वर्ग सुटल्यावर जिन्यातच तिनं भावाला फोन लावला. "उद्या मी येत न्हाई."

"का? बरं न्हाई का?"

"बरी हाय. सही कर म्हणलात, बजरंग. करतीस का म्हणून कुणी विचारलं न्हाई."

"कुणी शिकवलं गं तुला हे?" म्हणत त्यानं फोन ठेवला.

चार दिवस माहेरचा फोन नाही. भाकरी थापतानाही सिंधु पिठाच्या हातानं फोन उचलून बघायची. पाचव्या दिवशी बजरंग स्वतःच आला. त्याच्या पुढ्यातला चहा निवत गेला. शेवटी खाली बघत तो म्हणाला, "बोल आक्का. काय पाहिजे तुला?"

उत्तर आपल्याकडं तयार असेल असं तिला वाटलं होतं. नव्हतं. अख्खा वाटा हवा असंही नाही, सगळा सोडावा असंही नाही.

"परीक्षा होऊ दे. मग शेतावर येते, एकदा फिरून बघते. मग सांगते."

"म्हंजी सही न्हाई?"

"आत्ता न्हाई."

गार चहा एका घोटात संपवून बजरंग उठला. सिंधुनं पुस्तक घेतलं. एकच ओळ चारदा वाचून झाल्यावर ती दाराशी गेली. बजरंग कोपऱ्यावर थांबून फोनवर बोलत होता, बहुतेक आईशीच, हातवारे करत. काय बोलतोय, ते काही ऐकू येत नव्हतं.