कानातला मेहुणा

बाईंनी उभी हयात नाटकात काढली होती. ऐन प्रवेशात कोसळलेली भिंत, समोरच्या नटाची चहात गळून पडलेली मिशी, वाक्य अर्ध्यावर असताना गेलेली वीज, असलं सगळं त्यांनी हसत हसत निभावून नेलं होतं. पण समोर माणूसच नसताना त्याच्याशी संसाराचं भांडण कसं करायचं, हे काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तसा माणूस होता. चांगला उंचापुरा, देखणा, आवाजही खणखणीत. मंडळींनी त्याचं नाव हिरो पाडलं होतं आणि त्यालाही ते आवडत होतं. मोबाइलवर त्याचे मिनिटभराचे व्हिडिओ लाखो लोक बघत. बाईंनीही एक बघितला होता. संपल्यावर आपण नक्की काय बघितलं, ते त्यांना काही केल्या आठवेना. निर्मात्याने त्याला घेतलं ते त्या लाखांकडे डोळा ठेवून.

नाटकात पात्रं दोनच. कधीच वेगळे झालेले नवरा-बायको, जुनं घर विकण्याआधी सामान आवरायला एका दुपारी भेटतात आणि बोलत बसतात, एवढंच. बायको बाई आणि नवरा हिरो. तो त्यांना ताई म्हणे; प्रेमाच्या प्रवेशाची तालीम चालू असतानासुद्धा.

तालमीच्या खोलीत तो संहिता मांडीवर आणि फोन गुडघ्याशी पालथा घालून बसायचा. चार वाक्यं झाली की फोन सुलटा, बघून झाला की पालथा, आणि मग, "सॉरी, कुठे होतो आपण?" मन एकाग्र करायचं एक ॲप त्याने घेतलं होतं. ते थोड्या थोड्या वेळाने टिंग करून त्याला एकाग्र व्हायची आठवण करून द्यायचं. टिंग झालं की तो फोन उचलायचा, आणि उचललाच आहे तर म्हणून बाकीचंही बघून घ्यायचा.

महिना उलटला तरी पहिला अंक पाठ होईना. बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "ताई, पाठांतर म्हणजे मेंदूची हमाली हो. आता सगळं फोनमध्ये असतं. डोकं कसं मोकळं पाहिजे."

"मोकळं तर आहेच," बाई म्हणाल्या.

त्याला टोमणा लागला नाही. फोन पुन्हा सुलटा झाला होता.

प्रयोगाची तारीख जवळ आली तसं निर्मात्याचं धाबं दणाणलं आणि त्याने उपाय शोधून आणला. कानात बसणारं एक इवलंसं यंत्र. दिग्दर्शकाचा मेहुणा संहिता घेऊन विंगेत बसणार, माइकमध्ये एकेक वाक्य कुजबुजणार आणि हिरो ते मोठ्याने म्हणणार. या मेहुण्याची नाटकाशी सोयरीक एवढीच, की त्याची बहीण दिग्दर्शकाला दिली होती.

दिग्दर्शक खूश झाला. "बघा, एकही वाक्य चुकत नाही!" तो म्हणाला. हे तो आपल्या फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाला, कारण प्रसिद्धीसाठी तालमीचं चित्रण चालू होतं.

वाक्य चुकत नव्हतं, हे खरंच. पण बाई बोलत असताना हिरोच्या चेहऱ्यावर फोन कानाला लावून ताटकळणाऱ्या माणसाचा मख्खपणा यायचा. नजर बाईंच्या कानशिलाच्या पलीकडे कुठेतरी. त्या रडल्या काय, ओरडल्या काय, तो आपला मान डोलवत आतल्या आवाजाची वाट बघत उभा. भिंतीशी बोलणंही बरं, असं त्यांना वाटायला लागलं. भिंत निदान मान डोलवत नाही.

एक दिवस त्यांनी ठरवून वाक्य बदललं. नाटकात त्या म्हणायच्या, "किती वर्षांनी आलास या खोलीत." त्याऐवजी शांतपणे म्हणाल्या, "येताना मी तुझ्या आईला कपाटात कोंडून आले."

हिरो किंचित थांबला. मग प्रेमळ हसून म्हणाला, "तू अजून तशीच आहेस."

कपडेपटवाली हसता हसता खुर्चीवरून घसरली. "काय झालं?" हिरोने विचारलं. "बरोबर होतं ना?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही.

पहिल्या प्रयोगाला थिएटर खच्चून भरलं. पडदा वर गेला आणि समोरच्या अंधारात शेकडो पडदे उजळले. माणसं समोर जिवंत नटांना बघायला आली होती आणि त्यांना हातातल्या काचेतून बघत होती. बाईंनी दात ओठ खात पहिला अंक ओढून नेला. दुसऱ्या अंकात त्यांचा खरा प्रवेश होता. नवरा परगावी असताना बाळ पोटातच गेलं, ती एकटीच दवाखान्यात गेली, एकटीच परतली आणि त्याला कधी बोलली नाही, हे बायको पहिल्यांदाच सांगते. सगळं नाटक या एका प्रवेशासाठी लिहिलेलं होतं.

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. आता हिरोने विचारायचं होतं, "तू मला काही सांगितलं नाहीस, असं काही आहे का?"

हिरो म्हणाला, "किल्ल्या दारापाशी ठेवल्यात. येतो मी."

हे नाटकाचं शेवटचं वाक्य होतं. बाईंनी विंगेत बघितलं. मेहुण्याच्या एका हातात माइक, दुसऱ्या हातात फोन. मॅचचा स्कोअर बघण्याच्या नादात मांडीवरच्या संहितेची पानं उलटली होती, आणि जे पान समोर आलं तेच त्याने बिनदिक्कत वाचून टाकलं होतं.

"थांब," बाई म्हणाल्या. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"घर होतं तोवर आपण होतो," हिरो शेवटून दुसरं वाक्य म्हणाला. मेहुणा मागे मागे चाचपडत होता.

प्रेक्षकांत चुळबुळ नाही, कुजबुज नाही. नाटक मधूनच तुटलं, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांचे हात वर, फोन सुरू. पुढच्या रांगेतल्या एकाने तर टाळ्या वाजवायला फोन काखोटीला मारला होता. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तरातरा चालत गेल्या, हिरोच्या कानात नखं घालून त्यांनी ते यंत्र ओढून काढलं आणि समोरच्या पाण्याच्या ग्लासात टाकलं.

"एकदा तरी," त्या म्हणाल्या, "माझं ऐक."

हिरोला जाण्यासारखं कुठे नव्हतं, म्हणण्यासारखं काही नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने बाईंच्या डोळ्यांत बघितलं. बाईंनी प्रवेश सुरू केला. त्याचे प्रश्नही त्यांनीच विचारले, उत्तरंही त्यांनीच दिली. दवाखान्याचा जिना, परतीची रिक्षा, कुलूप उघडताना न लागलेली किल्ली. हिरो ऐकत होता. त्याच्या दाढीवरून खरं पाणी ओघळलं.

पडदा पडल्यावर तो बाईंच्या खोलीत आला. चेहरा अजून ओला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे सगळं नाटकात होतं?"

"होतं. तुझ्या प्रतीतसुद्धा छापलंय."

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

सकाळपर्यंत कानातलं यंत्र ओढून काढण्याचा तुकडा घरोघरी पोचला होता. फक्त तेवढाच, बाळाची गोष्ट लांब पडते म्हणून कुणी टाकलीच नव्हती. बाईंनीही तो आपल्या फोनवर बघितला, मग पुन्हा बघितला, खाली पसंतीचे किती बदाम पडलेत ते बघितलं, आणि स्वतःच्याच हातावर चापट मारावी तसा फोन बाजूला सारला. निर्मात्याचा फोन आला. "बाई, कमाल! हे दर प्रयोगाला करायचं. मी यंत्रांचा खोकाच मागवतो!"

"खोक्याबरोबर दुसरी बाईही मागवा," त्या म्हणाल्या.

पण त्यांनी नाटक लगेच सोडलं नाही, ते हिरोमुळे. तो दुसऱ्याच दिवशी घरी येऊन उभा राहिला. "मला शिकवा. खरंच पाठ करायचंय." बाईंना तो ओला चेहरा आठवला आणि त्या विरघळल्या. त्याचा फोन त्यांनी स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे नेऊन ठेवला. दोघं समोरासमोर बसले. पहिलं पान तो खरोखर पाठ म्हणाला. अडखळत, पण त्यांच्याकडे बघत. बाईंना वाटलं, माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

"पाणी पिऊन येतो," म्हणून तो उठला.

बराच वेळ आला नाही. मग आतून तो खणखणीत आवाज आला. "मित्रांनो, आज मी फोनपासून पूर्ण दूर आहे. काय शांतता आहे म्हणून सांगू! तुम्हीही करून बघा, आणि कसं वाटलं ते खाली लिहा."

बाई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांना बघितलं, हसला आणि एक बोट वर केलं, एक मिनिट.

बाईंनी संहिता मिटून त्याच्या काखेत खोचली, त्याचा दंड धरला आणि बाहेरच्या दारापर्यंत नेऊन दार उघडलं. तो फोनशी बोलत बोलतच उंबरा ओलांडून गेला. आपण घराबाहेर पडलोय, हे जिना संपेपर्यंत तरी त्याच्या ध्यानात आलं असेल की नाही, देव जाणे.