न वाचता सोडलेलं पत्र

सुलक्षणाचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू व्हायचा, तो दुसऱ्यांची भांडणं वाचण्यापासून. पुण्याजवळच्या नांदे गावात गोजराबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती भाड्याने राहायची. गॅसवर चहा ठेवून ती लॅपटॉप उघडायची आणि रात्रभरात साचलेली पत्रं एकेक करून सोडायची. ज्योतिष शिकणाऱ्या तीनशे बारा माणसांचा तो ईमेल ग्रुप होता. कुणीही पत्र लिहिलं की ते आधी सुलक्षणाकडे यायचं, तिने मंजूर केलं की सगळ्यांना जायचं. सव्वासातला हिंजवडीच्या कंपनीची बस नाक्यावर यायची, त्याच्या आत हे सगळं उरकावं लागे.

ग्रुप मुळात तिचा नव्हता. परभणीला तिला ज्योतिष शिकवणारे एकनाथ गुरुजी गणिताचे निवृत्त मास्तर होते. सत्तरीत नातवाकडून संगणक शिकून त्यांनी तो सुरू केला. जाण्याआधी दोन महिने त्यांनी तिला फोन केला होता. "एवढं तू सांभाळ. विद्या त्यांची ते शिकतील. तू फक्त बोलणं सांभाळ."

बोलण्याचे नियम गुरुजींनीच घालून दिले होते. पत्राची सुरुवात नमस्काराने करायची. समोरच्याच्या नावापुढे 'जी' लावायचं. भाकीत सांगताना 'मला वाटतं' म्हणायचं. आणि पत्रिकेतून कुणाचं मरण सांगायचं नाही. दिसलं तरी नाही, आणि नुसतं दिसलंसं वाटलं तर मुळीच नाही.

हे सोपं असेल असं सुलक्षणाला वाटलं होतं. दोन वर्षांत ती पार मेटाकुटीला आली. ग्रहांचं गणित कुठल्या अंशापासून मोजायचं यावर लोक महिना महिना हमरीतुमरीवर यायचे. कुणी रागाने 'जी' गाळायचं, तर कुणी 'जी' असं लावायचं की कानफटात बसल्यासारखं वाटावं. तिने एखादं पत्र परत पाठवलं की "ताई, आपला कल कुणाकडे आहे ते कळतं आम्हाला" असं खाजगीत यायचं.

गोजराबाई अधूनमधून कपडे वाळत घालायला वर यायच्या. खिडकीतून तिचा चेहरा बघून एकदा म्हणाल्या, "अगं, पगार तरी देत्यात का ह्याचा?"

"नाही हो."

"मंग सोड की. आमच्या भावकीतली भांडणं मी फुकटात बी ऐकत न्हाई."

ग्रुपमध्ये सगळ्यात हुशार होता तो ऋषिकेश. बंगळूरला नोकरी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. संस्कृत श्लोक तोंडपाठ, गणित बिनचूक. त्याच्याकडून सुलक्षणाही कितीतरी गोष्टी शिकली होती. पण नमस्कार वगैरे त्याला वेळेचा अपव्यय वाटायचा, आणि चुकणाऱ्याला तो सोलून काढायचा.

त्याच्या अगदी उलट होते पौडचे चंद्रकांत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. चार ओळींच्या पत्रात सहा चुका असायच्या आणि शेवटी न चुकता 'आपला नम्र, चंद्रकांत, पौड'. प्रश्न अगदी प्राथमिक असायचे, पण कुणी उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने वेगळं आभाराचं पत्र यायचं.

सन २००७च्या ऑगस्टमध्ये सुलक्षणाच्या कंपनीत कामाचा डोंगर होता. तीन आठवडे ती शनिवार-रविवारही ऑफिसला जात होती. अशाच एका सकाळी लॅपटॉप उघडला तर तेवीस पत्रं. विषय पाहिला तर पुन्हा तोच अंशांचा वाद. तिने एक वाचलं, दुसरं अर्धं वाचलं. मग सगळ्या पत्रांवर एकदम खूण केली, मंजूरचं बटण दाबलं आणि बसला पळाली.

वीसेक दिवसांनी नाशिकच्या एका सभासद बाईंचं खाजगी पत्र आलं. "ताई, त्या दिवशी ऋषिकेशचं पत्र तुम्ही कसं काय सोडलंत? तेव्हापासून पौडचे काका गप्प आहेत."

सुलक्षणाने शोधून काढलं. चंद्रकांतकाकांनी आपल्या पत्नीची पत्रिका दिली होती. तिची गर्भपिशवी काढायची होती. ऑपरेशनला कुठला आठवडा चांगला, एवढंच त्यांनी विचारलं होतं. त्याखाली ऋषिकेशचं उत्तर होतं: "तुम्हाला साधी महादशा मांडता येत नाही आणि निघालात मुहूर्त काढायला. आधी बाराखडी शिका. शनीच्या दशेत मारक ग्रहाची अंतर्दशा चालू आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. ही बाई ऑपरेशनच्या टेबलावरून उठणार नाही. मुहूर्त शोधण्यात कशाला वेळ घालवता?"

चहा उतू गेला. सुलक्षणा उठलीसुद्धा नाही. हे तिच्या हातून गेलं होतं, तीनशे बारा माणसांकडे आणि त्या एका माणसाकडे.

तिने काकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचंही नाही. शेवटी शनिवारी तिने ऑफिसला दांडी मारली. सहा आसनी रिक्षात लवळ्याच्या कॉलेजच्या पोरांमध्ये अंग चोरून बसली, पिरंगुटला उतरली आणि तिथून एसटीने पौडला गेली. सायबर कॅफेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "कंडक्टरमामा व्हय? महिना झाला, फिरकले न्हाईत. तहसीलच्या मागं, निळ्या दाराचं घर."

दार त्यांनीच उघडलं. उंच, कृश माणूस, अंगात पांढरी बंडी. सुलक्षणाने नाव सांगितलं तसे ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई? ग्रुपवाल्या ताई? या की. अवो, हिकडं कुटं आलात एवढ्या लांब?"

"काका, मी माफी मागायला आले आहे."

"तुमी कशापायी? लिव्हलं त्या पोरानं. तुमचं काय चुकलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नजरचुकीनं गेलं" म्हणाली असती तर त्यांनी मानही हलवली असती. पण इतक्या दुरून येऊन खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"ते पत्र मी वाचलंच नव्हतं, काका. पत्रं खूप होती, मी थकले होते. न वाचता सगळी सोडून दिली."

चंद्रकांतकाका खाली बघत म्हणाले, "वाचलं न्हाई व्हय? मला वाटायचं, ताई आमचं समदं वाचत्यात. म्हणून तर मी लिव्हायचो."

ऋषिकेशच्या पत्राने उतरलं नसेल इतकं त्यांचं तोंड या एका गोष्टीने उतरलं.

आतून हाक आली, "कोन हाय?"

साळूबाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. चेहरा पिवळट पडलेला, पायांवर सूज. काकांनी ऋषिकेशच्या उत्तराचा कागद कॅफेतून छापून आणून पंचांगात दडवला होता. सून गौतमीने पंचांग उघडलं, कागद वाचला आणि रडत सासूलाच सांगितला. त्या दिवसापासून साळूबाईंनी ऑपरेशनचं नाव टाकलं होतं. रक्त जायचं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला होता.

"मरायचंच हाय तर आपल्या खाटंवर मरंन," त्या म्हणाल्या. "तितं परक्या टेबलावर कशाला?" मग सुलक्षणाकडे रोखून बघत विचारलं, "तुमी त्या पोराच्या वरच्या ना? मंग तुमी सांगा. त्याचं खरं का खोटं?"

सुलक्षणाच्या जिभेवर आलं होतं: खोटं आहे आजी, तुम्ही नव्वद वर्षं जगाल. ते बोलून टाकलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं. पण मग तिच्यात आणि ऋषिकेशमध्ये फरक काय राहिला असता? त्याने एका बाजूने ठासून सांगितलं, हिने दुसऱ्या बाजूने.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मला खरंच माहीत नाही, आजी. माझे वडील आजारी होते तेव्हा मी त्यांची पत्रिका मांडली. अकरा वर्षं शिकलेली सगळी विद्या लावली आणि आईला सांगितलं, बाबा दिवाळीपर्यंत हिंडायला लागतील. आठव्या दिवशी ते गेले. आई मला काही बोलली नाही. पण मी सांगितलं म्हणून माझा भाऊ दुबईहून निघाला नव्हता. त्याला बाबा भेटले नाहीत."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, गुरुजींनाही नाही.

साळूबाईंनी विचारलं, "मंग एवढं शिकताय कशापायी?"

"तेही नीट सांगता येत नाही."

साळूबाईंना हसू आलं. हसताना पोटात कळ आली, तरी त्या हसल्या. "लई येगळीच बाई हाय ही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मंग त्या डागदरला तरी म्हाईत हाय का?"

"माझ्यापेक्षा आणि त्या मुलापेक्षा नक्की जास्त माहीत आहे. त्यांनी तुम्हाला तपासलंय. आम्ही फक्त कागद बघितलाय."

साळूबाई हो म्हणाल्या नाहीत. बघू म्हणाल्या. निघताना काका दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तरी बी ताई, एखादा वार काढून द्या की. मनाला बरं वाटतं."

"डॉक्टर मोकळे असतील तो वार," सुलक्षणा म्हणाली. "फक्त गुरुवार नको. गुरुवारी लाईट नसते."

रविवारी तिने ऋषिकेशला फोन केला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. अगदी कोवळा होता. तो म्हणाला, "ताई, मी सांगितलेला नियम चुकीचा आहे का? ग्रंथ दाखवू?"

"नियम बरोबरही असेल. पण त्या कागदामागे एक बाई होती, ऋषिकेश. तिने उपचार बंद केलेत."

त्यावर तो म्हणाला, "शास्त्र कुणाच्या भावना सांभाळत बसत नाही." माफीचं पत्र लिहायला त्याने नकार दिला. तेव्हा सुलक्षणाने त्याला ग्रुपमधून काढलं, आणि स्वतः सगळ्यांना पत्र लिहिलं: पत्र न वाचता सोडलं ही माझी चूक, पौडच्या काकांची मी सर्वांसमोर माफी मागते.

आठवडाभर तिच्यावर पत्रांचा मारा झाला. वाचायला वेळ नसेल तर खुर्ची सोडा, असं कुणी लिहिलं. गुरुजी असते तर, असंही कुणी लिहिलं. ऋषिकेशने स्वतःचा ग्रुप काढला आणि एकशे चाळीस जण तिकडे गेले. जाताना त्यातल्या तिघांनी तेवढा नमस्कार लिहिला.

सप्टेंबरच्या शेवटी एका मंगळवारी पुण्यात साळूबाईंचं ऑपरेशन झालं. कशाने त्यांचं मन वळलं ते नीट कळलं नाही. गौतमीने फोनवर सांगितलं की एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, चला. बारा दिवसांनी घरी आल्या. चंद्रकांतकाकांनी सुलक्षणाला फोन करून पेढ्यांचं आमंत्रण दिलं. ग्रुपवर परत लिहाल का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "नगं ताई. पंचांग हाय घरात. बघतो आपलं एकटाच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दिवाळी झाल्यावर ऋषिकेशचं पत्र आलं. साळूबाईंचं पुढे काय झालं ते त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. नमस्कार नव्हता. एकच ओळ होती: "त्या बाईंची जन्मवेळ नक्की आहे का? नसेल तर माझं भाकीत चुकलं असं म्हणता येणार नाही."

सुलक्षणाला संताप यायला हवा होता, पण तेवढं बळही उरलं नव्हतं. तिने पौडला फोन लावला. साळूबाईंनीच उचलला. तब्येत विचारून झाल्यावर तिने जन्मवेळेचं विचारलं.

"येळ?" साळूबाई म्हणाल्या. "अगं पोरी, तवा घड्याळ कुणाच्या घरात व्हतं? माझी आय म्हनायची, गुरं सुटायच्या टायमाला झालीस. ह्यांनी आपलं धरलं सहा चाळीस. येष्टी सहा चाळीसला सुटायची ना ह्यांची."

फोन ठेवून सुलक्षणा खिडकीशी जरा वेळ बसली. खाली गोजराबाईंच्या शेताच्या बांधावर नव्या इमारतीसाठी विटा उतरत होत्या. मग तिने ऋषिकेशला लिहिलं:

"नमस्कार ऋषिकेशजी. जन्मवेळ नक्की नाही. अंदाजाने धरलेली आहे, आणि तसं पत्रात लिहायचं काकांना सुचलं नाही. तुम्ही विचारली नाहीत. मीही विचारली नाही. आजी बऱ्या आहेत."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढे एका सकाळी सात वाजून पाच मिनिटं झाली होती आणि अजून नऊ पत्रं उरली होती. पहिलं उघडलं तर अंशांचाच वाद, दीड पानाचा. ती ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. सव्वासातची बस त्या दिवशी चुकली.