कधी न नासणारं पाणी

ज्या पाण्यात चांदी उतरली ते पाणी कधी नासत नाही, आणि ते ज्याच्या पोटात गेलं तो माणूसही नासत नाही. हे सनातन सत्य माझ्या साडूंना निवृत्तीनंतर, मोबाइलवर, दात घासताना समजलं.

साडू वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. लोकांनी मीटरशी केलेल्या लबाड्या पकडण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर पकडायला घरात बायकोशिवाय कोणी उरलं नाही, आणि ताई काही सापडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यामुळे साडू सुकत चालले होते. खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोणाचे दिवे उगाच जळताहेत ते बघायचे आणि सुस्कारा सोडायचे.

चांदीच्या पाण्याने त्यांना तरतरी आणली. काचेची बरणी, औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी, तीन चौकोनी बॅटऱ्या, वायरी आणि चांदीचे दोन चमचे. सासूबाईंनी दोन्ही मुलींना एकेक चमचा दिला होता, त्यामुळे जोडी जमवण्यासाठी आमच्या हिचाही चमचा विज्ञानाच्या कामी गेला. चमचे पाण्यात सोडायचे, बॅटरी जोडायची आणि चांदी उतरण्याची वाट बघायची. उतरली की नाही, ते लेसरच्या पेनाने कळायचं. किरण पाण्यातून न दिसता गेला तर ते नुसतं पाणी. लाल रेघ उमटली तर चांदी.

रेघ रोज उमटायची. साडू रोज सकाळी कपभर पाणी प्यायचे. झोप सुधारली, भूक सुधारली, गुडघ्याने तर तक्रार करणंच सोडलं. शेवटी ज्येष्ठांच्या क्लबने त्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. त्या दिवशी आम्ही त्यांना न्यायला गेलो, तेव्हा ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं.

"तुम्हाला म्हणून सांगते. माझ्या बहिणीलासुद्धा बोलू नका."

"काय झालं?"

"त्या पाण्यात चांदी नाहीये."

मी स्टुलावर बसलो.

"औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, असलं पाणी रोज प्यायलं तर माणूस राखाडी-निळा पडतो. आणि मग तो रंग जात नाही, घासा नाहीतर काही करा."

"मग त्यांना सांगायचं ना!"

"सांगितलं की. म्हणाले, औषधवाल्याला बरी झालेली माणसं कशी परवडतील? मग मी बॅटऱ्या बदलल्या. त्यांच्या खणात मेलेल्या बॅटऱ्यांची रास आहे, नोकरीपासूनची. टाकू देत नाहीत. कधी लागतील सांगता येत नाही म्हणतात." ताईंनी पदराला हात पुसले. "लागल्या."

"मीटर लावून बघत नाहीत ते?"

"घरच्या बॅटरीवर कोण संशय घेतं?"

"आणि ती लाल रेघ?"

ताईंनी फ्रिजकडे बोट केलं. "थेंबभर दूध."

माझ्या मनात ताईंविषयी नेहमीच आदर होता. आता थोडी भीतीही आली.

"पण आज त्यांनी नव्या बॅटऱ्या आणल्यात, पाकिटबंद," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि सगळ्यांना पाजणार आहेत. खरं झालं तर क्लब निळा होईल. खोटं ठरलं तर हा माणूस पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. मला दोन्ही नकोय."

तेवढ्यात बाहेरून साडूंचा आवाज आला, "अगं, झालं का? विज्ञान कोणासाठी थांबत नाही!"

सामानाची पिशवी मी आग्रहाने माझ्याकडे घेतली. जिन्यात बुटाची नाडी बांधायला थांबलो. उठलो तेव्हा नव्या बॅटऱ्या माझ्या खिशात होत्या आणि त्यांच्या पाकिटात ताईंनी दिलेल्या, खणातल्या मेलेल्या बॅटऱ्या.

क्लबात गर्दी चांगली होती, कारण नंतर चहा होता. साडूंनी वायरी जोडल्या, चमचे सोडले आणि भाषण सुरू केलं. मेलेल्या बॅटऱ्यांवर त्यांनी जी वीज खेळवली तिला तोड नव्हती. मग घड्याळ बघून त्यांनी मला दिवे घालवायला सांगितलं. मी घालवले. ताई चहाच्या टेबलापासून उठल्या, हे मला नुसतं ऐकू आलं.

साडूंनी लेसर लावला. बरणी कंदिलासारखी लालभडक पेटली. अंधारात थेंबाचा अंदाज येत नाही. ताईंच्या हातून चांगली धार पडली होती.

टाळ्या झाल्या. दिवे लागले.

"पाणी गढूळ दिसतंय हो," निवृत्त हेडमास्तर म्हणाले.

"दाट उतरलीय," साडू म्हणाले. "चांदी सासूबाईंची आहे, अशीतशी नाही."

ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. सगळ्यांनी चमचा-चमचा पाणी घेतलं. कोणाची मान तिथल्या तिथे मोकळी झाली. दातांचे डॉक्टर ओठ चाटत म्हणाले, "चव ओळखीची वाटते."

"शुद्ध गोष्टीची चव ओळखीचीच वाटते," साडू म्हणाले. हे त्यांना तिथेच सुचलं होतं, आणि घरी जाईपर्यंत ते त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. क्लबने त्यांना आरोग्य समितीवर घेतलं. आमच्या हिला चमचा परत मिळाला, होता तेवढ्याच वजनाचा. ताई वाटभर गुणगुणत होत्या.

उरलेलं पाणी बाटलीत भरून क्लबच्या कपाटात, बुद्धिबळाच्या ढालीशेजारी ठेवण्यात आलं. बाटलीवर साडूंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'हे पाणी कधीही नासणार नाही.'

सोमवारी कपाट उघडलं तेव्हा त्याला वास येत होता.